केबिन क्रूची नोकरी आणि जाहिरातीत न येणारे फायदे

रानजाई

नमस्कार मंडळी. "मुलगी एअर होस्टेस व्हायचं म्हणतेय" हा धागा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. पगार, रात्रीची जागरणं, स्थळं येतील का, शेजारीपाजारी काय म्हणतील, सगळ्याचा कीस पाडून झाला. फायद्यांच्या बाजूला मात्र दोनच गोष्टी निघाल्या: फुकटात विमानप्रवास आणि फॉरेनच्या ट्रिपा. तिथे लिहिलं असतं तर प्रतिसादांच्या गर्दीत हरवलं असतं, म्हणून वेगळा धागा काढतेय.

मी मूळची नाशिकची. आधी डोमेस्टिक केलं, आता मुंबई बेसवरून इंटरनॅशनल फ्लाइट करते. या नोकरीने मला जे दिलं त्यात तिकिटांचा नंबर बराच खाली लागतो. सगळ्यात वर दोन गोष्टी आहेत आणि त्या मला इंटरव्ह्यूत किंवा ट्रेनिंगमध्ये कुणीही फायदा म्हणून सांगितल्या नव्हत्या.

पहिली म्हणजे काम घरी येत नाही. पॅसेंजर उतरले, केबिन तपासली, डीब्रीफ झालं, विषय संपला. त्या फ्लाइटचं कुठलंही उरलेलं काम दुसऱ्या दिवशी माझी वाट बघत बसत नाही. माझा भाऊ हिंजवडीत आयटीत आहे. गणपतीची आरती चालू असताना तो कानाला फोन लावून गॅलरीत उभा असतो. मी सुट्टीवर असते तेव्हा खरोखर सुट्टीवर असते. आणि ती सुट्टी बहुतेक वेळा आठवड्याच्या मध्येच येते. बँक, पासपोर्ट ऑफिस, आईची डोळ्यांची तपासणी, गर्दी नसताना सप्तशृंगी, ही सगळी कामं मी बुधवारी-गुरुवारी उरकते. लोकांना वाटतं ही मुलगी सदा आकाशात. प्रत्यक्षात आईबाबांबरोबर दिवसाउजेडी, निवांत, घड्याळ न बघता बसायला मला भावापेक्षा जास्त मिळतं.

यातच आणखी एक येतं. मोठ्या एअरलाईनमध्ये जवळजवळ दर फ्लाइटला क्रू बदलतो. एखादीशी नाही पटलं तर ते त्या फ्लाइटपुरतं. मनात मुरत नाही, गट पडत नाहीत. ऑफिसात वर्षानुवर्षं एकाच टेबलासमोर कुढत बसलेल्या मैत्रिणींचं ऐकते तेव्हा याचं मोल कळतं.

दुसरी गोष्ट ट्रेनिंग. त्याला आम्ही एसईपी म्हणतो, सेफ्टी अँड इमर्जन्सी प्रोसीजर्स. आग विझवणं, धुरात स्मोक हूड घालून वाट काढणं, पाण्यात उतरल्यावर राफ्टवर माणसं चढवणं, सीपीआर (छाती दाबून श्वास देणं), एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र), घशात अडकलेलं काढणं, वेळ आलीच तर बाळंतपण. हे एकदा शिकून विसरायचं नसतं, दरवर्षी रिकरंट असतं आणि पास झाल्याशिवाय उडता येत नाही. भारतात दर ५० सीटमागे किमान एक क्रू हा नियम आहे. नवं विमान पास करताना निम्मी दारं बंद धरून ९० सेकंदांत सगळे बाहेर पडू शकतात हे दाखवावं लागतं. आम्ही विमानात आहोत त्या यासाठी. जेवणखाण त्याच्या नंतर.

टेकऑफच्या वेळी आम्ही जंपसीटवर, म्हणजे क्रूच्या घडीच्या खुर्चीवर, हात मांड्यांखाली घेऊन गप्प बसलेल्या दिसतो. तेव्हा डोक्यात उजळणी चालू असते. माझं दार कुठलं, आर्म केलंय ना (म्हणजे उघडलं की घसरगुंडी आपोआप फुगेल), उघडण्याआधी खिडकीतून बाहेर आग आहे की पाणी ते बघायचं, कुठल्या आज्ञा ओरडायच्या, समोरच्या रांगांत मदतीला घेता येईल असा धडधाकट माणूस कोण, आणि कुणाला हात द्यावा लागेल. याला सायलेंट रिव्ह्यू म्हणतात, दर टेकऑफला आणि दर लँडिंगला. ही सवय मग विमानापुरती राहत नाही. मंगल कार्यालयात शिरले की दुसरं दार कुठे आहे हे नजर आपोआप शोधते.

मंगल कार्यालयावरून सांगते. आमच्याकडच्या एका मुंजीत, पंगत बसलेली, समोरच्या रांगेतले एक काका अचानक उठले. हात गळ्याशी, तोंड उघडं आणि आवाज अजिबात नाही. लोक धावले, कुणी पाणी पुढे करतंय, कुणी डोक्यावर थापट्या मारतंय. ठसका लागलेला माणूस खोकतो, आवाज करतो. ज्याचा आवाजच निघत नाही त्याच्याकडे वेळ नसतो. पाणी बाजूला करायला लावलं, काकांना कमरेतून पुढे वाकवलं आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरदार ठोसे दिले. नाही निघालं. मग मागून मिठी, एक मूठ बेंबीच्या वर, दुसरा हात त्या मुठीवर, आणि आत-वर झटका. दुसऱ्या झटक्याला काकडीची फोड बाहेर पडली. काका खाली बसले, श्वास घेतला आणि रडायला लागले.

मुंजीत मी जीन्सवर आलेय म्हणून सकाळी ज्या मावशी नाराज होत्या त्यांनी दुपारी मला शेजारी बसवून जेवायला वाढलं. हातात आलेलं हे कौशल्य मला पगारापेक्षा मोठं वाटतं.

तुमच्यापैकी कुणी क्रू असाल, होतात, किंवा घरात कुणी असेल तर लिहा. तिकिटांपलीकडचं.

सागरगोटा

फार सुंदर लिहिलंयस. काकांचा प्रसंग वाचताना अंगावर काटा आला. तरीही तिकिटांचं विचारतोच. खरंच फुकट असतं का? ऑफिसात एकजण सांगत होता की त्याची वहिनी दर महिन्याला युरोपला जाते.

पश्चिमवारा

@सागरगोटा, मी क्रूचा नवरा आहे, तिकिटं वापरणारा मीच, त्यामुळे हे मी सांगतो.

फुकट असं जवळपास काहीच नसतं. स्वतःच्या एअरलाईनवर वर्षाला ठराविक तिकिटं अगदी कमी पैशांत मिळतात. दुसऱ्या एअरलाईनवर जायचं तर झेड फेअर असतात, म्हणजे एअरलाईन्सनी आपापसांत केलेल्या करारानुसार अंतराच्या टप्प्यांवर ठरलेले दर. दोन्हींत विमानतळाचे कर आणि इतर शुल्कं आपणच भरायची. नवराबायको, मुलं, बऱ्याच ठिकाणी आईवडील यांची नावं नोंदवता येतात. कुणाची, किती, हे एअरलाईनप्रमाणे बदलतं.

आता मुख्य मुद्दा. ही तिकिटं बहुतेक सब्लो असतात, सब्जेक्ट टू लोड. सीट उरली तर मिळणार. काउंटर बंद व्हायच्या वेळेपर्यंत, कधी तर गेटवरही, आपण जाणार की नाही ते कळत नाही. दिवाळी, मे महिना, नाताळ विसरा. आम्ही चौघं एकदा सिंगापूरला निघालो होतो. लेकीला आणि बायकोला सीट मिळाली, मी आणि मुलगा रात्रभर विमानतळावर बसून सकाळच्या फ्लाइटने गेलो. म्हणून घरात नियम केलाय: आठवड्याच्या मधला दिवस, शक्य तर दिवसाची पहिली फ्लाइट, म्हणजे हुकली तरी पुढच्या हातात राहतात. आणि परतीचं पक्कं तिकीट काढण्याइतके पैसे बाजूला.

मग याचा उपयोग काय? आमच्या अनुभवात सहलींपेक्षा अडचणीच्या वेळी. नेहमीचं तिकीट आयत्या वेळी दुप्पट-तिप्पट होतं, स्टाफचा दर आदल्या रात्रीही तोच राहतो. माझे वडील जळगावला आजारी पडले तेव्हा बायकोची बहीण दिल्लीहून, मी मुंबईहून, आम्ही खर्चाचा विचार न करता निघालो. त्या आठवड्यात मी तीनदा ये-जा केली. युरोपपेक्षा मला तेच जास्त मोलाचं वाटतं.

करवीरकन्या

कोल्हापूरहून दुबई. मी तिथल्या एअरलाईनमध्ये आहे, त्यामुळे माझं गणित थोडं वेगळं आहे.

आमच्याकडे राहायला फ्लॅट कंपनीचा, दोघी-तिघींत मिळून. वीज-पाणी कंपनीचं. ड्युटीला न्यायला बिल्डिंगखाली बस येते. यूएईत पगारावर आयकर नाही. बाहेरगावी मुक्काम असला की लेओव्हरचा जेवणाचा भत्ता वेगळा. म्हणजे पगार हातात येतो तो बराचसा तसाच शिल्लक राहू शकतो. मला वाटलेला मोठा फायदा हाच: पंचविशीच्या आत घरचं कर्ज फेडून झालं. बाबांनी शेतात विहीर आणि पाइपलाइनसाठी काढलेलं होतं. जिचं शिक्षण बी.कॉम.वर थांबलं तिला दुसऱ्या कुठल्या नोकरीत इतक्या लवकर हे जमलं असतं असं मला वाटत नाही.

पण शिल्लक आपोआप पडत नाही हेही लिहिते. सगळ्याजणी लेओव्हरला खरेदी करतात, मॉल समोरच असतो. माझ्या रूममेटने पहिल्याच महिन्यात सल्ला दिला की पगार आला त्या दिवशीच घरी पाठव. ती केरळची, तिच्या आत्याने नर्स म्हणून आखातात अशीच बचत केलेली. तो सल्ला मी आजही पाळते.

आणि एक छोटं सुख. माझ्यासोबत ट्रेनिंगला आलेल्या मुली ब्राझील, केनिया, पोलंड, फिलिपिन्स अशा ठिकाणच्या. त्यांच्या गावांत आमचा लेओव्हर लागला की त्यांची आई आम्हाला जेवायला बोलावते. वॉर्सात मी एका काकूंच्या स्वयंपाकघरात बसून पिएरोगी भरायला शिकले. आपल्या करंजीला मुरड घालते तशी घातली तर त्यांनी शेजारणीला बोलावून दाखवली.

एक_वाचक

सगळं छान छान चाललंय म्हणून दुसरी बाजू लिहितो. माझी बहीण सात-आठ वर्षं उडून बाहेर पडली. झोपेचं चक्र बिघडलं, पाठ गेली. ट्रॉली ओढून ओढून मनगटं दुखायची. विमानातली हवा फार कोरडी. सर्दी असताना उडलं तर कानाचा पडदा दुखावतो, त्यामुळे साध्या पडशालाही सुट्टी टाकावी लागते आणि सुट्टी टाकली की फ्लाइंग अलाउन्स बुडतो. पगारातला मोठा भाग उडण्याच्या तासांवर असतो हे कुणी आधी सांगत नाही. मुलींनी हे जाणून जावं.

रानजाई

@एक_वाचक, एकही अक्षर चुकीचं नाही. पाठीचं तर नक्कीच. ट्रॉली ओढायची नाही, ढकलायची, आणि वरच्या कप्प्यात प्रवाशांच्या जड बॅगा स्वतः उचलून ठेवायच्या नाहीत, हे मी प्रत्येक नव्या मुलीला सांगते. अलाउन्सबद्दल जॉइन होतानाच स्पष्ट विचारावं: मूळ पगार किती, किती तास उडलं तर किती, आजारी पडलं तर काय. बहिणीची तब्येत आता बरी आहे ना?

एक_वाचक

हो, आता ठीक आहे. एका कंपनीत कॉर्पोरेट ट्रेनर आहे. गंमत म्हणजे ती नोकरी तिला क्रूच्या अनुभवावरच मिळाली. दोनशे लोकांसमोर न अडखळता बोलणं, चिडलेल्या माणसाला शांत करणं, हे तिने आधीच रोज केलेलं होतं. तेव्हा हा फायदा माझ्याकडून लिहून घ्या.

स्मिताताई

मी निवृत्त आहे. जंबो जेटच्या काळात उडले. धागा वाचून लिहिल्यावाचून राहवेना.

आजच्या मुलींना मिळालेली एक गोष्ट त्यांना फायदा वाटतही नसेल, कारण त्या ती गृहीत धरतात: बाळ झाल्यावर परत येऊन उडता येतं. आमच्या वेळी एअर इंडियात नियम असे होते की एअर होस्टेसने पस्तिसाव्या वर्षी, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर तेव्हा, किंवा पहिल्या गरोदरपणात, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा निवृत्त व्हायचं. पस्तिशीनंतरची मुदतवाढ साहेबांच्या मर्जीवर. १९८१ साली एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट मनमानी ठरवून रद्द केली आणि ती साहेबांची मर्जीही काढून टाकली. चार वर्षांच्या लग्नाची अट मात्र तेव्हा तशीच राहिली. त्या निकालाच्या दिवशी आम्ही जिथे जिथे होतो तिथून एकमेकींना फोन केले, ट्रंक कॉलच्या काळात. आता तर २०१७ पासून कायद्याने २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा आहे. माझी भाची दोन मुलांनंतर उडतेय. तिला युनिफॉर्ममध्ये बघते तेव्हा ऊर भरून येतो.

दुसरं, रानजाईने ट्रेनिंगबद्दल लिहिलंय त्याला जोड. ५ सप्टेंबर १९८६ ला मुंबईहून निघालेलं पॅन ॲम या अमेरिकन कंपनीचं ७३ नंबरचं विमान कराचीत अतिरेक्यांनी ताब्यात घेतलं. नीरजा भनोतने आणि तिच्या क्रूने कॉकपिटला इशारा पोचवला, त्यामुळे वैमानिक बाहेर पडू शकले आणि विमान उडवून नेता आलं नाही. क्रूने अमेरिकन प्रवाशांचे पासपोर्ट लपवले. शेवटी गोळीबार सुरू झाला तेव्हा नीरजाने दार उघडून लोकांना बाहेर काढलं आणि ती स्वतः गेली, तेविसाव्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी. तिला मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. तिच्यानंतर मुंबईतल्या आमच्या वर्तुळात ट्रेनिंगला उशिरा येणारं कुणी उरलं नाही. "ट्रे उचलणाऱ्या मुली" म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी आजही ही तारीख सांगते.

मैत्रिणींचं काय सांगू? आमची बॅच अजून भेटते. नवरे गेले, मुलं परदेशात गेली, बॅच आहे.

रानजाई

स्मिताताई, तुमचा प्रतिसाद मी आमच्या बॅचच्या ग्रुपवर पाठवतेय. चार वर्षांच्या अटीचं मला माहीत नव्हतं.

विदर्भवासी

मुलगेसुद्धा क्रूमध्ये असतात हे कुणीतरी लिहायला हवं, म्हणून मी लिहितो. नागपूरचा, डोमेस्टिक करतो.

माझा सगळ्यात आवडता फायदा लेहची सकाळ. लेहला विमानं सकाळीच उतरवतात, दुपारी वारा चढतो. अंधारात निघायचं आणि उजाडताना खाली हिमालय आणि झंस्करच्या रांगा. उतरायला सुरुवात झाली की दऱ्यांमधून वळत जातो तेव्हा डोंगर खिडकीच्या वर असतात. लोक यासाठी वर्षभर पैसे साठवतात, मला ते रोस्टरमध्ये येतं. दार उघडलं की त्या सव्वातीन हजार मीटरवरच्या थंड हवेचा पहिला झोत अंगावर घ्यायचा, प्रवाशांना "हळू चाला, पाणी प्या" सांगायचं, आणि तासाभरात परत.

दुसरा फायदा शिक्षण. बारावीनंतर लगेच लागलो, पदवी राहिली होती. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. पुस्तकं फ्लाइट बॅगेत. स्टँडबाय ड्युटी म्हणजे युनिफॉर्मची तयारी ठेवून घरी किंवा विमानतळावर थांबायचं, बोलावलं तर जायचं. नाही बोलावलं तर अभ्यासाला शांत तास मिळतात. परीक्षेचं वेळापत्रक आलं की त्या तारखांना सुट्टीचं बिड, म्हणजे आधीच मागणी, टाकायचं, नाही मिळाली तर कुणाशी तरी ड्युटी स्वॅप करायची. क्रूमध्ये परीक्षेसाठी स्वॅपला कुणी नाही म्हणत नाही, हे मी अभिमानाने सांगतो. आता एम.ए. चालू आहे.

सागरगोटा

आणि ते परफ्यूम, चॉकलेट, फोन? क्रू परदेशातून वाट्टेल ते आणतात असं ऐकलंय.

पश्चिमवारा

उलट आहे. २०१६ च्या बॅगेज नियमांत साध्या प्रवाशाला ५०,००० रुपयांपर्यंतचं सामान आणायची सूट होती, क्रूला परतताना फक्त १,५०० रुपयांची: चॉकलेट, चीज, सौंदर्यप्रसाधनं, अशा किरकोळ भेटवस्तू. कस्टमवाल्यांची नजर क्रूच्या बॅगांवर आधी जाते. आमच्या घरी लेओव्हरचं जे येतं ते म्हणजे फ्रँकफर्टच्या दुकानातली हँडक्रीम आणि सासूबाईंसाठी गुडघ्याचं मलम.

टेम्सकाठ

मी क्रू नाही, लंडनकर आहे, पण तुमच्या नोकरीचा एक फायदा आम्हालाही मिळतो.

डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळाची स्वतःची वास्तू आहे. मंडळ १९३२ चं. गणपतीत कधी कधी मुंबईच्या फ्लाइटवरच्या मुली लेओव्हरमध्ये दर्शनाला येतात. केस अजून ड्युटीच्या अंबाड्यात, अंगावर साधा कुर्ता. एकदा तिघी आल्या होत्या. प्रसादाची पंगत मोठी होती, वाढायला माणसं कमी. त्यांनी विचारलंही नाही, ताटं घेतली आणि वाढायला लागल्या. इतक्या सफाईने कुणी वाढताना आम्ही पाहिलं नव्हतं, एकाही पानात आमटी सांडली नाही. जाताना म्हणाल्या, घरचे गणपती रोस्टरमुळे चुकले होते, इथे मिळाले. त्यातली एक आता दरवर्षी फोन करून विचारते, "या वर्षी कधी बसताहेत?" आणि त्याप्रमाणे लंडनचं बिड टाकते.

अबोली_सांगली

माझी धाकटी बहीण नर्स आहे, आयसीयूमध्ये. तिला या क्षेत्रात यायचंय. नर्सिंगचा काही उपयोग होतो का, की वय आणि शिक्षण वाया?

रानजाई

@अबोली, उपयोग होतो का? जगातली पहिली विमानपरिचारिका नर्सच होती. एलन चर्च, १९३०, अमेरिकेतल्या बोइंग एअर ट्रान्सपोर्टमध्ये. तिला खरं तर वैमानिक व्हायचं होतं. तिने कंपनीला पटवलं की विमानात नर्स असली तर लोकांची भीती जाईल, आणि सुरुवातीच्या सगळ्याजणी नर्सच घेतल्या. हवेत कुणाच्या छातीत दुखलं की पहिला प्रश्न असतो "विमानात कुणी डॉक्टर आहे का?" नसेल तेव्हा गॅलीत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरात, एखादी नर्स मैत्रीण असणं काय असतं ते मी अनुभवलंय. तुमच्या बहिणीने इंटरव्ह्यूत आयसीयूचा अनुभव सगळ्यात आधी सांगावा. वयाची अट एअरलाईनप्रमाणे वेगळी असते, फॉर्म भरण्याआधी बघून घ्या.

याच ओघात एक लिहायचं राहिलं होतं, ते आता लिहिते. माझ्यासाठी हा सगळ्यात आतला फायदा आहे.

अमेरिकेच्या फ्लाइटवर आपल्याकडचे आजी-आजोबा खूप असतात. मुलाकडे, मुलीकडे, लेकीसुनेच्या बाळंतपणाला. एकट्या आलेल्या एक आजी होत्या, सातारा भागातल्या, नऊवारी, मांडीवर स्टीलचा डबा दोन्ही हातांनी धरून ठेवलेला. पाणी दिलं, नको. ज्यूस, नको. जेवणही जवळजवळ तसंच परत. पाच-सहा तास होऊन गेले तेव्हा मला शंका आली. शेजारच्या रिकाम्या सीटवर बसले आणि मराठीत विचारलं, "आजी, बाथरूमला जायचंय का?" त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "जायचंय गं, पण ते दार कसं उघडतंय ते कळंना. म्हणून पाणीच घेत नाय."

त्यांना घेऊन गेले. दाराच्या मध्यावर ढकललं की ते आत दुमडतं, मग आतून कडी सरकवली की दिवा लागतो, फ्लशचं बटण कुठे, त्याचा मोठा आवाज होतो, घाबरायचं नाही, आणि नळ दाबून ठेवायचा. बाहेर मी उभी राहिले. परत आल्या तेव्हा दोन ग्लास पाणी प्यायल्या आणि डबा उघडून मला तिळाची चिक्की दिली. पुढच्या वेळी त्या स्वतः उठून गेल्या, शेजारच्या दुसऱ्या एका बाईंना सोबत घेऊन, आणि दार कुठे ढकलायचं ते त्यांना दाखवलं.

तेव्हापासून पहिल्यांदा उडणाऱ्या प्रत्येक वयस्कर बाईला मी बेल्ट लावून देतानाच बाथरूमचं दार दाखवते. कितीजणी तहानलेल्या बसून राहत असतील, कुणाला सांगत नसतील. मराठी येणारी एक मुलगी त्या केबिनमध्ये असणं त्यांच्यासाठी किती मोठं असतं, आणि ती मुलगी मी असणं माझ्यासाठी.

अलका_पुणे

रानजाई, माझी आई मागच्या वर्षी अशीच एकटी गेली. पोचल्यावर युरिन इन्फेक्शन झालं. आम्हाला वाटलं पाणी बदललं म्हणून. आज तिला फोन करून विचारते.

रानजाई

जरूर विचारा, आणि पुढच्या वेळी निघण्याआधी घरीच सांगून ठेवा. व्हीलचेअर सांगितली असेल तरी ती दारापर्यंतच असते, आत ही अडचण राहतेच. क्रूला बिनधास्त सांगायचं, "पहिल्यांदा जातेय, दाखवा." कुणीही नाही म्हणणार नाही.

चिंतातुर_आई

ज्या धाग्यावरून हे सुरू झालं तो माझाच होता. सगळं वाचलं, मुलीलाही वाचायला दिलं. स्मिताताईंचा प्रतिसाद तिने दोनदा वाचला. आता एकच विचारते. एका इन्स्टिट्यूटने कोर्सचे दोन लाख सांगितलेत, "शंभर टक्के प्लेसमेंट". भरावेत का?

रानजाई

भरू नका, निदान आत्ता तरी. बाहेरचा कोर्स असलाच पाहिजे असा नियम नाही. बारावी पास, वय १८ च्या पुढे, मेडिकलला फिट, एवढी सुरुवात पुरते. खरं ट्रेनिंग निवड झाल्यावर एअरलाईन स्वतःच देते आणि तेच धरलं जातं. त्याचा खर्च किंवा बॉण्ड असेल तर ऑफर लेटरमध्ये लिहिलेलं असतं, सही करण्याआधी नीट वाचा. प्लेसमेंटची हमी एअरलाईनशिवाय कुणीच देऊ शकत नाही. आणि "सीट बुक करायला" किंवा "युनिफॉर्म डिपॉझिट" म्हणून फोनवरून पैसे मागणारा कुणीही असो, तो एअरलाईनचा नसतो. अर्ज थेट कंपनीच्या वेबसाइटवरून किंवा त्यांच्या जाहीर वॉक-इनला.

दोन लाखांऐवजी हे करा. पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज. पोहायला शिकवा, काही एअरलाईन बघतात आणि पाण्यातल्या ड्रिलला भीती वाटत नाही. उंचीची अट बघून घ्या: दुबईच्या एमिरेट्समध्ये १६० सेंटीमीटर उंची आणि टाचा उचलून २१२ सेंटीमीटरपर्यंत हात पोचायला लागतो, इकडे अट थोडी कमी असते. इंग्रजी रोज अर्धा तास मोठ्याने वाचायला लावा, हिंदी येतच असेल. दिसेल अशा जागी टॅटू काढायचा विचार असेल तर थांबायला सांगा.

ती कुठल्या शहरात आहे? पुण्या-मुंबईत असेल तर पुढच्या वॉक-इनच्या आधी तिला माझ्याकडे पाठवा, ग्रुप डिस्कशनची तयारी करून घेते. विपू (माझ्या पानावर विचारपूस) करा.

चिंतातुर_आई

विपू केलाय. आम्ही पनवेलला असतो.

स्मिताताई

पनवेल असेल तर मीही आहे. मी बेलापूरला राहते. साडी कशी नेसायची, दिवसभर चापूनचोपून कशी टिकवायची ते माझ्याकडे.